मूळ कोणते? पिप्पीच्या चित्रकथा आणि 'रूपांतर' या शब्दाचा आळस

आस्ट्रिड लिंडग्रेन यांच्या पिप्पी लोंगस्ट्रुम्प या व्यक्तिरेखेच्या चित्रकथा १९५७ ते १९५९ या काळात स्वीडनमधील 'क्लुम्पे दुम्पे' या बालनियतकालिकात क्रमशः प्रसिद्ध झाल्या. लेखन लिंडग्रेन यांचे, चित्रे इंग्रिड वांग न्यूमान यांची. बालसाहित्याच्या अभ्यासात या चित्रकथांचा उल्लेख होतो तो बहुधा एका वाक्यात, आणि त्या वाक्यातील संज्ञाही ठरलेली असते : रूपांतर. कादंबरी हे मूळ, चित्रकथा हे त्याचे रूपांतर. मुळात खोली, रूपांतरात सुलभता. मुळाचे वाचन म्हणजे समीक्षा, रूपांतराची नोंद म्हणजे सूची. ही विभागणी इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागे काही गृहीतके आहेत, याचाच विसर पडतो. ती गृहीतके पिप्पीच्या बाबतीत तपशिलाच्या कसोटीला उतरत नाहीत. आणि ज्या संज्ञेखाली ती लपली आहेत ती संज्ञा येथे वर्णन करीत नसून प्रतवारी लावीत आहे.

मराठी अभ्यासकाला या प्रतवारीचे आकर्षण वाटण्याची कारणे त्याच्या स्वतःच्या परंपरेत आहेत. 'रूपांतर' हा शब्द मराठी समीक्षेत रुळला तो मुख्यतः नाटकाच्या संदर्भात. आगरकरांचे 'विकारविलसित' किंवा देवलांचे 'झुंझारराव' यांची चर्चा करताना परभाषेतील नाटक या मातीत कितपत रुजले, हा प्रश्न रास्त होता. कारण तेथे एक परकी, पूर्ण झालेली, अधिकारसंपन्न संहिता अगोदर अस्तित्वात होती आणि रूपांतरकार तिच्यापुढे उभा होता. दुसरीकडे 'चित्रकथा' म्हटले की १९६७ मध्ये सुरू झालेली 'अमर चित्रकथा' डोळ्यांपुढे येते. तिचा पाया असा की कथा अगोदरच पूज्य आहे, चित्रांनी ती मुलांपर्यंत पोहोचवायची आहे. या दोन सवयी एकत्र आल्या की पिप्पीच्या चित्रकथेकडे पाहण्यापूर्वीच तिच्याविषयीचा निर्णय होऊन जातो. पण पिप्पीच्या बाबतीत पूर्ण झालेली अधिकारसंपन्न संहिता कोणती, हे कुणी विचारलेले दिसत नाही.

ते विचारले तर काय हाती लागते? १९४१ मध्ये लिंडग्रेन यांची मुलगी न्यूमोनियाने अंथरुणाला खिळली असता तिने पिप्पी लोंगस्ट्रुम्पची गोष्ट सांग असा हट्ट धरला. नाव मुलीचे, गोष्ट आईची. त्यानंतर काही वर्षे ही गोष्ट केवळ तोंडी होती. १९४४ मध्ये पाय मुरगळल्याने घरी अडकलेल्या लिंडग्रेन यांनी ती लघुलिपीत उतरवली, टंकलिखित केली आणि मुलीच्या दहाव्या वाढदिवसाला भेट दिली. एक प्रत बोनिएर या प्रकाशनसंस्थेकडे गेली व नाकारली गेली. १९४५ मध्ये राबेन आणि श्योग्रेन या संस्थेच्या स्पर्धेत या गोष्टीला पहिले पारितोषिक मिळाले, परंतु तेथे पोहोचलेली संहिता १९४४ ची नव्हती. मधल्या काळात तिच्यात बरेच बदल झाले होते, पिप्पीचा उद्धटपणा आणि निरर्थकाचा खेळ यांना कात्री लागली होती. पुस्तक त्याच वर्षी आले, इंग्रिड वांग न्यूमान यांच्या चित्रांसह. १९४६ आणि १९४८ मध्ये पुढचे दोन भाग आले. दरम्यान १९४७ मध्ये दोघींचे 'पिप्पी लोंगस्ट्रुम्प तुला माहीत आहे का?' हे रंगीत चित्रपुस्तक निघाले. मग १९५७ ते १९५९ या चित्रकथा. १९४४ चे हस्तलिखित छापील रूपात वाचकांपुढे आले ते २००७ मध्ये, म्हणजे चित्रकथेचा शेवटचा हप्ता निघाल्यानंतर तब्बल ४८ वर्षांनी.

आता या मालिकेत 'मूळ' या शब्दाने नेमके कोठे बोट ठेवायचे? तोंडी कथेवर ठेवले तर ती उपलब्ध नाही. १९४४ च्या हस्तलिखितावर ठेवले तर १९४५ चे पुस्तकच रूपांतर ठरते, आणि तेही संस्थेच्या अपेक्षांकडे पाहून सौम्य केलेले. १९४५ च्या पुस्तकावर ठेवले तर ते चित्रांसह निघालेले पुस्तक आहे, केवळ शब्दांचे नव्हे. शिवाय १९४४ च्या घरगुती प्रतीच्या मुखपृष्ठावरही लिंडग्रेन यांनी स्वतःच्या हाताने पिप्पीचे चित्र काढले होते. छापखान्याचा संबंध येण्यापूर्वीच ही मुलगी शब्दांत आणि रेषेत एकाच वेळी होती. तेव्हा अगोदर शब्द व मागाहून चित्र हा क्रम या प्रकरणात इतिहासाने दिलेला नाही. समीक्षकाने तो बाहेरून आणला आहे.

यावर असे म्हटले जाईल की रूपांतराविषयीच्या अलीकडच्या सिद्धान्तांनी मूळ आणि दुय्यम ही उतरंड केव्हाच मोडीत काढली आहे. लिंडा हचन यांच्या २००६ च्या ग्रंथाचा हवाला अशा वेळी हमखास दिला जातो. हचन यांनी रूपांतराला दुय्यमतेच्या कलंकातून सोडवले हे खरे. काळाने नंतर येणे म्हणजे मोलाने कमी असणे नव्हे, हा त्यांचा मुद्दा मोलाचा आहे. पण त्या मांडणीतही रूपांतर हे काळाच्या क्रमात दुसरेच राहते, ते आपल्या अगोदरच्या कृतीची जाणीव वाचकाला देत राहते, आणि त्या जाणिवेतच त्याचा आनंद शोधला जातो. दुसऱ्याला मान दिला म्हणून पहिला कोण हा प्रश्न सुटत नाही. सासुरवाशिणीला माहेरी कितीही मान मिळाला तरी घर कुणाचे हे ठरलेलेच असते, तसा हा प्रकार आहे.

अधिक उपयोगी ठरते ती झेरार झनेत यांची एक प्रामाणिक कबुली. संहितेच्या उंबरठ्यावरील गोष्टींचा, म्हणजे शीर्षके, प्रस्तावना, अर्पणपत्रिका, टीपा यांचा सविस्तर विचार करणाऱ्या १९८७ च्या ग्रंथाच्या अखेरीस झनेत नमूद करतात की तीन गोष्टी त्यांनी बाजूला ठेवल्या आहेत : भाषांतर, क्रमशः प्रकाशन आणि चित्रांकन. त्यांचे महत्त्व नाकारता येत नाही, पण त्यांचा आवाका फार मोठा आहे, असा त्यांचा सूर आहे. पिप्पीची चित्रकथा चित्रांकित आहे, ती क्रमशः निघाली, आणि स्वीडिश न जाणणाऱ्या अभ्यासकाला ती भाषांतरातूनच भेटते. संहितेच्या उंबरठ्याचा सर्वांत बारकाईने विचार करणाऱ्या सिद्धान्ताने ज्या तीन दारांना हात लावला नाही, नेमक्या त्याच तीन दारांतून ही कृती आत येते. तिच्यासाठी तयार परिभाषा नाही, यात नवल नाही. नवल आहे ते परिभाषेच्या या उणिवेचे खापर कृतीच्या माथी फुटते याचे.

संहितानिष्ठ वाचकाचा खरा आक्षेप मात्र सिद्धान्ताचा नसतो, तो वाचनानुभवाचा असतो, आणि त्याला उत्तर द्यायला हवे. आक्षेप असा : पिप्पीचे सामर्थ्य तिच्या दंडात नाही, तिच्या जिभेत आहे. इजिप्तमध्ये लोक कसे चालतात, काँगोत खरे बोलणारे कसे कोणीच नाही, अशा थापांचे लांबलचक, स्वतःच्याच वेगाने वाहवत जाणारे तिचे बोलणे हा पुस्तकाचा प्राण आहे. संवादाच्या फुग्यात परिच्छेद मावत नाही. चौकट आली की थाप आखूड होते. थाप आखूड झाली की भाषेने केलेले बंड संपते आणि उरते ती केवळ घोडा उचलणारी मुलगी.

हा आक्षेप अर्धा बरोबर आहे. बोलणे आखडते हे खरे, आणि काही ठिकाणी ते जाणवतेही. चित्रकथा पुस्तकाची भरपाई करते असा दावा करण्याचे कारण नाही. पण 'केवळ घोडा उचलणारी मुलगी' या शब्दप्रयोगातील 'केवळ' मात्र तपासून घेतला पाहिजे.

गद्यात पिप्पी घोडा उचलते तेव्हा ते वाक्य निवेदकाचे असते. निवेदक भूतकाळात बोलतो. तो टॉमी आणि आनिका या शेजारच्या दोन सुव्यवस्थित मुलांच्या जवळून पाहतो. त्यांच्या आश्चर्यातून वाचकाचे आश्चर्य वळवून घेतो. अशक्य गोष्ट सांगितली जाते, पण सांगणारा प्रौढ आवाज सतत सोबतीला असतो, आणि त्याच्या अस्तित्वानेच वाचकाला एक हमी मिळते की ही गोष्ट आहे. चित्रकथेत या निवेदकाला फार तर चौकटीच्या कडेला एखाद्या ओळीची जागा उरते. टॉमी आणि आनिका यांचे आश्चर्य असते, पण ते त्याच चौकटीत, पिप्पीच्या शेजारी, तिच्याइतकेच दृश्य असते. त्यातून पाहावे लागत नाही. मुलगी आणि घोडा समोर उभे असतात. रोलाँ बार्थ यांनी १९६४ च्या निबंधात चित्र आणि शब्द यांच्या संबंधांचे दोन प्रकार सांगितले : शब्द चित्राला नांगरतो, किंवा दोघे एकमेकांच्या हाती सूत्र देत पुढे जातात. दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण म्हणून त्यांनी चित्रकथाच घेतली. पिप्पीच्या पुस्तकात शब्दाने नांगरलेले बळ चित्रकथेत नांगर सोडून मोकळे होते. त्याचे स्पष्टीकरण द्यायला कुणी उरत नाही.

ते बळ रेखाटले कसे आहे, हे त्याहून महत्त्वाचे. १९३८ मध्ये 'अॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर सुपरमॅन मोटारगाडी डोक्यावर उचलून आपटतो. काचा आणि तुकडे उडतात, माणसे भीतीने पळतात, शरीराचा प्रत्येक स्नायू ताणलेला आहे. बळाची खूण म्हणजे श्रम आणि मोडतोड. वांग न्यूमान यांची पिप्पी घोडा उचलते तेव्हा तिचे हात काडीसारखे असतात, चेहऱ्यावर ताण नसतो, घोडाही निर्विकार असतो. काही मोडत नाही. रेषेची जाडी सर्वत्र सारखी, छाया नाही, रंग सपाट. जपानी ठसाचित्रांशी या शैलीचे असलेले नाते अभ्यासकांनी दाखवले आहे आणि ते मान्य करण्यासारखे आहे. परंतु येथे त्या नात्यापेक्षा परिणाम महत्त्वाचा. छायाच नसल्याने वस्तूंना वजन नाही. वजनच नसल्याने घोडा आणि चहाचा पेला एकाच जगात, एकाच सहजतेने हाताळता येतात. गद्याला 'सहज' हा शब्द वापरावा लागतो. रेषेने तो वापरण्याची गरजच संपवली आहे. भाषेतील अतिशयोक्तीच्या जागी येथे अतिशयोक्तीचा संपूर्ण अभाव येतो, आणि तोच अधिक अस्वस्थ करतो. ही उणीव भरून काढणे नव्हे, ही वेगळी वाङ्मयीन कृती आहे. 'वाङ्मयीन' हा शब्द येथे जाणूनबुजून.

लिंडग्रेन यांना हे अभिप्रेत होते का, असे विचारले जाईल. त्यांच्या हेतूला पुराव्याचे स्थान द्यायचे असेल तर बोनिएरकडे हस्तलिखित पाठवताना १९४४ मध्ये त्यांनी लिहिलेले पत्र आठवावे. त्यात पिप्पीचे वर्णन बालरूपातील एक चिमुकली अतिमानव असे आहे. बालकाच्या सत्तेच्या ओढीविषयी बर्ट्रांड रसेल यांचा दाखला आहे. आणि मुलांच्या कल्याणाची काळजी वाहणाऱ्या समितीला आपल्याविषयी कळवले जाणार नाही अशी मिस्कील आशाही आहे. युरोपात 'अतिमानव' या शब्दाचा त्या काळी जो राक्षसी वापर चालला होता त्याच्या ऐन मध्यावर, नऊ वर्षांच्या मुलीच्या हाती ते सामर्थ्य देणे आणि तिने त्याचा वापर पोलिसांना घराबाहेर नेऊन ठेवण्यासाठी व नंतर त्यांना बिस्किटे देण्यासाठी करणे, ही त्या शब्दाची लिंडग्रेन यांनी केलेली मोडतोड आहे. सत्ता आहे, पण तिला श्रमाचा आणि दहशतीचा चेहरा नाही. हा विचार गद्यात प्रसंगांतून उलगडतो. वांग न्यूमान यांच्या चौकटीत तो एका दृष्टिक्षेपात दिसतो.

या चित्रकथा ज्या वेळी निघाल्या ती वेळही निरुपद्रवी नव्हती. १९४६ मध्ये योन लांडक्विस्ट या वजनदार प्राध्यापक-समीक्षकाने 'आफ्टोनब्लाडेट'मध्ये पिप्पीवर कडाडून हल्ला चढवला होता. कॉफीपानाच्या समारंभात अख्खा केक फस्त करणारी, सांडलेल्या साखरेवरून अनवाणी चालणारी मुलगी त्यांना निरोगी बालकाच्या कल्पनाशक्तीचे लक्षण वाटली नाही. त्यांना त्यात मनोविकृतीची छटा दिसली. तो वाद लिंडग्रेन यांनी पचवला. त्याच वर्षी त्या राबेन आणि श्योग्रेनच्या बालपुस्तक विभागात संपादक झाल्या आणि १९७० पर्यंत तेथे राहिल्या. पुढे १९५४ मध्ये अमेरिकेत फ्रेडरिक वर्थम यांचे चित्रकथांवरील आरोपपत्र प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी स्वीडनमध्ये नील्स बेयेरोट यांचे 'मुले, चित्रकथा, समाज' हे पुस्तक आले. हेच बेयेरोट पुढे १९७३ च्या बँक-ओलीस प्रकरणानंतर 'स्टॉकहोम सिंड्रोम' या कल्पनेशी कायमचे जोडले गेले. सुशिक्षित स्वीडिश पालकांच्या दृष्टीने चित्रकथा हा तेव्हा वाङ्मयाचा प्रकारच नव्हता. तो आरोग्याचा प्रश्न होता.

त्यानंतर तीनच वर्षांनी, देशातील प्रतिष्ठित बालपुस्तक संपादकपद भूषवणारी लेखिका आपली सर्वांत प्रसिद्ध नायिका त्याच बदनाम माध्यमात घेऊन जाते. हा केवळ बाजारपेठेचा निर्णय होता असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, आणि बाजारपेठेचा विचार त्यात नव्हताच असे मानण्याचे कारण नाही. पण माध्यमाची निवड ही अर्थाची निवड असते. १९४६ मध्ये ज्या मुलीला अनारोग्याचे प्रमाणपत्र मिळाले होते ती १९५७ मध्ये अनारोग्याचे प्रमाणपत्र मिळालेल्या प्रकारात राहायला गेली. 'सुलभ रूपांतर' ही संज्ञा हा सगळा संघर्ष गिळून टाकते आणि जाता जाता लांडक्विस्ट यांची प्रतवारी पुन्हा प्रस्थापित करते : पुस्तक एव्हाना आदरणीय झाले आहे ना, मग खालच्या पायरीवर आता चित्रकथेला बसवू या.

फ्रान्समधील उदाहरण या संदर्भात बोलके आहे. तेथे १९४९ च्या कायद्याने मुलांसाठीच्या प्रकाशनांवर देखरेख आली, आणि १९५१ मध्ये आशेत या संस्थेने काढलेल्या अनुवादात पिप्पीला पुरेसे सभ्य करून घेण्यात आले. घोड्याचे तट्टू झाले, कारण मुलगी घोडा उचलते यावर फ्रेंच मुलांचा विश्वास बसणार नाही. यावर लिंडग्रेन यांनी तट्टू उचलणाऱ्या एखाद्या फ्रेंच मुलाचे छायाचित्र मागितले, अशी कथा सांगितली जाते. गंमत बाजूला ठेवली तरी तत्त्व उरते. शब्दातील घोड्याचे तट्टू एका लेखणीच्या फटकाऱ्याने होते. वांग न्यूमान यांच्या चौकटीतील घोडा आहे तेवढाच राहतो. ज्या माध्यमावर उथळपणाचा आरोप आहे ते येथे सेन्सॉरच्या दृष्टीने अधिक चिवट निघते.

इंग्रजी जगात या चित्रकथांचे जे झाले तेही या चर्चेतून वगळता येणार नाही. अमेरिकेत १९५० मध्ये पुस्तक आले ते लुईस ग्लान्झमन यांच्या चित्रांसह. ब्रिटनमध्ये १९५४ मध्ये रिचर्ड केनेडी यांच्या. जर्मनीत त्याआधी १९४९ मध्ये वाल्टर शार्नवेबर यांच्या. २००७ च्या नव्या इंग्रजी अनुवादात लॉरेन चाइल्ड यांच्या. प्रत्येक वेळी शब्द नेले, रेषा मागे ठेवली. ही विभागणी कुणालाही खटकली नाही, कारण चित्र हा पुस्तकाचा पोशाख आहे आणि पोशाख हवामानानुसार बदलायचा असतो, अशी सर्वांचीच धारणा होती. परिणाम असा झाला की कॅनडातील ड्रॉन अँड क्वार्टर्ली या संस्थेने टीना नन्नली यांच्या अनुवादात २०१२ ते २०१४ या काळात चित्रकथांचे तीन खंड काढले तेव्हा इंग्रजी वाचकाला वांग न्यूमान यांची पिप्पी ही एक जुनी, विस्मृतीतून उकरून काढलेली मौज वाटली. स्वीडनमध्ये मात्र हाच चेहरा १९४५ पासून पिप्पीचा चेहरा म्हणून ओळखीचा होता. इंग्रजीत प्रत दुर्मीळ होती, पण ती दुर्मीळ केली होती प्रकाशनव्यवहाराने. नंतर त्याच दुर्मीळतेला 'जुन्या काळची गोडी' म्हणून किंमत आली.

या प्रकाशनाचे श्रेय त्याला द्यायलाच हवे : मुखपृष्ठावर दोघींची नावे आहेत. परंतु 'जुनी गोडी' ही विक्रीची भाषा समीक्षेने उसनी घेतली की काय होते ते पाहावे. सपाट रंग हे पन्नाशीच्या दशकाचे वळण ठरते, छायेचा अभाव स्वस्त छपाईची मर्यादा ठरते, आणि जो निर्णय होता तो काळाचा गंध होऊन बसतो. स्वस्त छपाईला सपाट रंग सोयीचा होता यात शंका नाही. पण तोच सपाटपणा त्याच चित्रकर्तीने त्याहून दहा वर्षे अगोदर, १९४७ च्या चित्रपुस्तकात, पुस्तकाच्या पूर्ण पानावर वापरला होता. तेव्हा त्याला नियतकालिकाची मजबुरी म्हणता येत नाही.

वांग न्यूमान यांच्याविषयी लिहिताना आणखी एक मोह टाळावा लागतो. त्या १९१६ मध्ये डेन्मार्कमध्ये जन्मल्या, कोपनहेगनच्या कला अकादमीत काही काळ शिकल्या, १९४२ मध्ये स्टॉकहोमला आल्या, आणि १९५९ च्या डिसेंबरात कोपनहेगन येथे त्यांनी आत्महत्या केली. चित्रकथा त्याच वर्षी थांबल्या. या दोन घटनांची सांगड घालून शेवटच्या चौकटींत खिन्नतेच्या खुणा शोधण्याचा प्रयत्न सहानुभूतीचा वाटतो. प्रत्यक्षात तो चित्रकर्तीला दुसऱ्यांदा गप्प करतो. जिवंतपणी ती लेखिकेच्या शब्दांची छाया ठरली, मेल्यावर स्वतःच्या शोकांतिकेची छाया ठरते. रेषेकडे पाहायचे दोन्ही वेळा राहून जाते. लेखकाच्या चरित्रातून कृतीचा अर्थ काढू नये, हा नियम मराठी समीक्षेने पाठ केला त्यालाही आता बराच काळ लोटला. चित्रकाराला तो लागू करायचे कुणाच्या मनात येत नाही, कारण चित्रकाराच्या कामाला 'कृती' मानलेलेच नसते. (मराठी बालपुस्तकांच्या परीक्षणांत चित्रकाराचा उल्लेख शेवटच्या वाक्यात, 'चित्रे समर्पक आहेत' एवढ्यावर उरकला जातो, त्याच मनोवृत्तीचे हे देशी रूप.)

हे सर्व मांडताना या चित्रकथांना निर्दोषत्वाचा दाखला देण्याचा हेतू नाही. पिप्पीचा पिता दक्षिण समुद्रातील एका बेटावर 'निग्रो राजा' आहे, ही १९४५ ची कल्पना वसाहतवादी युरोपच्या बालकल्पनेतून आली आहे आणि तिचा बचाव करणे कठीण आहे. जर्मन आवृत्तीने २००९ मध्ये तो शब्द बदलून 'दक्षिण समुद्राचा राजा' केला. २०१४ मध्ये स्वीडिश दूरचित्रवाणीने १९६९ च्या मालिकेतील दोन जागा सुधारल्या. २०१५ च्या स्वीडिश आवृत्तीत पुस्तकातील शब्दही बदलला. त्यावर स्वीडनमध्ये मोठा वाद झाला. लेखिकेच्या शब्दाला हात लावावा का, या प्रश्नाभोवती तो बराचसा फिरत राहिला. १९४८ च्या तिसऱ्या भागात त्याच बेटाची चित्रे वांग न्यूमान यांनी काढली आहेत. शब्द बदलता येतो आणि वाक्य चालू राहते. रेषा बदलली तर ती कुणा दुसऱ्याची रेषा होते. म्हणजे या कृतीतील वसाहतवादाचा हिशेब खऱ्या अर्थाने मांडायचा तर तो चित्रांवरच मांडावा लागेल, आणि चित्रांना पोशाख मानणाऱ्या समीक्षेला ते जमणार नाही. येथे 'मुळा'वरची निष्ठा नैतिक चर्चेच्याही आड येते. शब्द शुद्ध करून घेतला की काम झाले, असा समाधानाचा सुस्कारा तिला सोडता येतो.

एक बाब उरते, आणि ती येत्या काही वर्षांत व्यवहारात उभी राहणार आहे. युरोपातील स्वामित्वहक्क निर्मात्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षे टिकतो. लिंडग्रेन २००२ मध्ये वारल्या. त्यांच्या शब्दांवरील हक्क २०७२ च्या अखेरीपर्यंत राहील. वांग न्यूमान १९५९ मध्ये वारल्या. त्यांची चित्रे २०३० च्या आरंभी मुक्त होतील. लेखन आणि चित्र यांना दोन स्वतंत्र योगदाने मानले, आणि पुस्तकातील चित्रांच्या बाबतीत तसेच मानण्याचा प्रघात आहे, तर १९५७ ते १९५९ या काळातील एकाच चौकटीचा एक भाग ४३ वर्षे सर्वांचा असेल आणि दुसरा नसेल. कुणाही प्रकाशकाला पिप्पी, घोडा आणि पोलीस छापता येतील, मात्र संवादाचे फुगे रिकामे ठेवून. त्या रिकाम्या फुग्यांच्या पानाला 'रूपांतर' म्हणायचे की 'मूळ', हे ग्रंथसूचीकाराला तेव्हा एका रकान्यात लिहावे लागेल.